तोंडावरचं बोट आणि वर केलेली करंगळी

हाताची घडी, तोंडावर बोट.

मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही या चार शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. वाचतावाचताच काहींचा हात ओठांकडे गेला असेल. पण या हुकमात एक गंमत आहे. दोन्ही हातांची घडी घातली, तर तोंडावर ठेवायला बोट आणायचं कुठून? म्हणून प्रत्येक पोरानं आपापली तोड काढलेली असते. एक हात पोटाशी आडवा, दुसऱ्याचं कोपर त्यावर टेकवलेलं आणि बोट ओठांवर. हे कुणी शिकवत नाही. शेजारचा काय करतो ते बघून जमतं.

त्याच वर्गात आणखी एक बोट असतं. करंगळी. ती वर केली की ‘एक नंबर’, दोन बोटं वर केली की ‘दोन नंबर’. हीसुद्धा कुणी फळ्यावर लिहून शिकवत नाही, आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

पहिली खूण बाईंकडून मुलांकडे येते: गप्प बसा. दुसरी मुलांकडून बाईंकडे जाते: मला काहीतरी हवंय. माझ्या आठवणीतल्या बालवर्गात वरून खाली येणाऱ्या खुणा पुष्कळ होत्या. टेबलावर आपटलेलं डस्टर, वटारलेले डोळे, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली ‘बोलणाऱ्यांची नावे’, भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडी पट्टी. खालून वर जाणारी खूण एकच होती, आणि तीही बाईंनी बघितली तरच चालायची.

एका दुपारी त्यांनी बघितली नाही. साठ मुलांचा वर्ग होता. एका हाताचं बोट नियमाप्रमाणे तोंडावर आणि दुसऱ्या हाताची करंगळी वर, अशी मी बराच वेळ बसून होते. पुढे काय झालं ते सांगायला नको. बाकाखालून पुढच्या रांगेकडे निघालेला ओघळ आणि एकेक करून मागे वळणारी डोकी मला अजून आठवतात. बाई ओरडल्या नाहीत. त्या वाईट नव्हत्याच. साठ मुलांत एक करंगळी दिसत नाही, एवढंच.

गेले काही महिने मी या दोन बोटांच्या मागे आहे. लहान मुलांच्या वर्गात डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आल्या कुठून, त्या कुणाच्या सोयीसाठी होत्या, हे शोधत होते. निघाले मालाडहूनच, आणि मद्रास, लंडन, भावनगर, बोर्डी असा फेरा मारून परत मालाडलाच आले.

दहा बाय बाराची खोली

मालाड स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, शेअर रिक्षा पकडायची आणि मार्वे रोडनं मालवणीत शिरायचं. शहरातल्या इतर भागांतून उठवलेली माणसं काही दशकांपूर्वी इथे आणून वसवली गेली. मागून पोटासाठी आलेली येत राहिली. त्यामुळे एका गल्लीत चालताना कानावर उर्दू पडते, हिंदी पडते, मराठी पडते, मध्येच तमिळ. इथल्या एका अंगणवाडीत मी तीन सकाळी जाऊन बसले. दहा बाय बाराची खोली, तीन ते सहा वयाची सव्वीस मुलं, एक सेविका, एक मदतनीस. भिंतीला भिंत लावून शिवणकामाचा गाळा आणि त्यात दिवसभर चालणारी मशिनं.

पहिल्या दिवशी मला सगळ्यात नवल वाटलं ते ताईंच्या आवाजाचं. तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

“ओरडून काय होतं, सांगू?” त्या म्हणाल्या. “मी ओरडले की ती ओरडतात. मग मी अजून ओरडते. बारा वाजेपर्यंत माझा घसा जातो, त्यांचं काहीच जात नाही.”

मग वर्ग चालतो कसा? दाराशी खिळ्यांची एक रांग आहे. खालच्या टोपलीत प्रत्येक मुलाचा फोटो चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. मूल आलं की आपला फोटो शोधतं आणि खिळ्याला अडकवतं. ही हजेरी. ताई मान वर करून बघतात आणि कोण आलं नाही ते त्यांना कळतं. जमिनीवर ऑइलपेंटनं काढलेली पावलं आहेत, दारापासून हात धुवायच्या बादलीपर्यंत. रांग लावा असं कुणी म्हणत नाही, पावलांवर पाय ठेवला की रांग आपोआप लागते. भिंतीवर सुतळी बांधून चिमट्यांनी सात चित्रं टांगली आहेत: चटई, गाणं, ठोकळे, ताट, बादली, गोष्टीचं पुस्तक, घर. एक काम संपलं की त्याचं चित्र उलटं करायचं. रोज एकाची पाळी.

आणि आतल्या बाजूच्या दाराशेजारी एका खिळ्याला लाल रंगाची मोठी लाकडी बांगडी. तिच्याकडे मी शेवटी येईन.

हे सगळं सुचलं कुठून, असं विचारलं. “थोडं ट्रेनिंगला सांगितलं. बाकीचं आपलं आपण,” ताई म्हणाल्या. ट्रेनिंगला सांगणाऱ्यांना कुणी सांगितलं असेल? तो धागा उलटा ओढत गेलं की पार मद्रासच्या वाळूपर्यंत पोचतो.

वाळू, लंडन आणि सहा फळ्या

१७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासमधल्या एग्मोरच्या लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. जवळच्या देशी शाळेत त्यानं मुलांना वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना बघितलं. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर हेच चालायचं. बेलनं ती वाळू उचलली, थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायची रीत उचलली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. त्याच सुमारास लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर नावाचा वीस वर्षांचा तरुण गरिबांच्या मुलांची शाळा चालवत होता. मुलं शेकड्यांनी, मास्तर एक. त्यानंही मॉनिटरांची फौज उभी केली. एक मास्तर हजार मुलं सांभाळू शकतो, असा त्याचा दावा होता.

हजार मुलांना मास्तरचा आवाज पोचायचा कसा? लँकेस्टरनं उत्तर युद्धाकडून उसनं घेतलं. त्या काळी इंग्लंडचं आरमार उंच टेकड्यांवर सहा झडपांची चौकट उभी करून, झडपा उघडमीट करत लांबवर निरोप पाठवत असे. विजेची तार यायला अजून वेळ होता, ‘टेलिग्राफ’ म्हणत ते याच चौकटीला. लँकेस्टरनं तिचं छोटं रूप शाळेत आणलं. लाकडी चौकटीत फिरणाऱ्या सहा छोट्या फळ्या, प्रत्येक फळीच्या दोन्ही बाजूंना हुकमाची आद्याक्षरं. एक अक्षर दिसलं की सगळ्या शाळेनं मास्तरकडे तोंड करायचं, दुसरं दिसलं की सगळ्यांनी पाट्या वर धरून दाखवायच्या. आवाज नाही, ओरडा नाही. फळी फिरली की शेकडो हात एकदम वर.

हे सगळं वाचताना मला आधी कौतुक वाटलं. ओरडण्यापेक्षा बरंच की! मग पुढची पानं आली. लँकेस्टरला छडी मान्य नव्हती, त्याच्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण छडीच्या जागी त्यानं लाज आणली. खोड्या करणाऱ्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचा. कुणाला टोपलीत बसवून छताला टांगायचं आणि खालून सगळ्यांनी बघायचं. चांगल्या मुलांना छातीवर लावायला बिल्ले. म्हणजे शिक्षासुद्धा डोळ्यांना दिसणारी, आणि बक्षीससुद्धा.

ही पद्धत फिरून हिंदुस्थानात आली, मुंबईतही आली. १८१५ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळा बेलच्या वाटेनं चालल्या. १८२२ मध्ये एल्फिन्स्टनच्या अध्यक्षतेखाली देशी शाळांसाठी आणि शाळेच्या पुस्तकांसाठी वेगळी सोसायटी उभी राहिली. कॅप्टन जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ छत्रे ही मराठी शिक्षणाच्या इतिहासातली ओळखीची नावं याच सोसायटीतली. देशी शाळांत पुस्तकं नाहीत, तयार शिक्षक नाहीत, पैसा नाही आणि शिकवायची रीत नाही, असं सोसायटीच्या समितीनं नोंदवलं. रीत म्हणून तिनं शिफारस केली ती लँकेस्टरची. मद्रासच्या वाळूतून निघालेली कल्पना लंडनचा शिक्का मारून तीस-पस्तीस वर्षांत परत आली.

ताईंना मी गळ्यातल्या ओंडक्याची गोष्ट सांगितली, तेव्हा त्या हसल्या नाहीत. कपाटाखालून त्यांनी पुठ्ठ्याचा एक तक्ता काढला. त्यावर तुपाच्या डब्यांची तीन झाकणं चिकटवलेली, हिरवं, पिवळं आणि लाल, सिग्नलसारखी. मुलांच्या नावाचे चिमटे या झाकणांवर लावायचे. शहाणं मूल हिरव्यावर, दंगा करणारं लालवर. अशा तक्त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर ढिगानं असतात, तुम्हीही बघितले असतील.

“छान दिसायचा. पाहुणे आले की फोटो काढायचे,” ताई म्हणाल्या. “एका मुलाचा चिमटा तीन दिवस लालवर राहिला. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. घरी गेले, तर आई म्हणाली, तो म्हणतो मी लाल आहे.”

मी लाल आहे. चार वर्षांच्या मुलानं खुणेचा अर्थ अगदी बरोबर वाचला होता. तक्ता त्या दिवसापासून कपाटाखाली आहे.

शांतता कुणाची?

एकोणिसाव्या शतकात युरोपात दुसरा एक झरा वाहत होता. जर्मनीत फ्रोबेलनं १८३७ मध्ये बालोद्यानाची सुरुवात केली आणि मुलाच्या हातात पाटीऐवजी चेंडू, ठोकळे, रंगीत कागद दिले. ती पद्धत मराठी मुलखात आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. अमेरिकेत असताना त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. मार्च १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, तेव्हा तो त्यांच्या गाठीला होता.

मग मारिया मॉन्टेसरी आल्या. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं. बुटकी कपाटं, मुलाला स्वतः उचलता येईल अशी खुर्ची, प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा. कपाटातली रिकामी जागाच मुलाला सांगते की इथली वस्तू परत इथे ठेवायची आहे. बाईंनी सांगायची गरज उरत नाही. त्यांच्याकडे ‘शांततेचा खेळ’ असे. फळ्यावर ‘शांतता’ हा एक शब्द लिहिला जाई. तो बघून मुलं हळूहळू स्तब्ध होत. इतकी की घड्याळाची टिकटिक ऐकू येई. मग शेजारच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजत घेतलं जाई आणि ज्याचं नाव येईल ते मूल पाय न वाजवता उठून जाई.

‘तोंडावर बोट’ आणि हा खेळ, दोन्हींचा शेवट शांततेतच होतो. फरक इतकाच की हाताच्या घडीनंतर काही घडत नाही. खेळात मात्र शांत राहण्याचं फळ ताबडतोब मिळतं: आपलं नाव ऐकू येतं.

हा खेळ आपल्याकडे सहज रुजला असं समजू नका. वकिली सोडून भावनगरला गेलेल्या आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेकांनी ‘दिवास्वप्न’ नावाचं एक पुस्तक लिहिलं. त्यातला मोठ्या उमेदीचा मास्तर पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेतो आणि सपशेल फसतो. पोरं नाना आवाज काढून धिंगाणा घालतात. घरी जाऊन तो विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो. गोष्टीसाठी मुलं आपण होऊन गप्प होतात. मॉन्टेसरींचा इतका मोठा चाहता आपल्याच मास्तरची अशी फजिती लिहितो, हे मला फार आवडलं. खूण परक्या वर्गातून जशीच्या तशी उचलून आणली तर चालत नाही. आधी मुलांशी नातं जुळावं लागतं, मग खूण.

दोन स्टेशनं पुढे

गिजुभाईंच्या शाळेत १९२३ मध्ये एक मराठी बाई दाखल झाल्या. ताराबाई मोडक. मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकारानं नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि दादरला शिशुविहार सुरू केला. पण मॉन्टेसरींचं साहित्य महाग आणि मुलं सुखवस्तू घरांतली, हा काटा त्यांना सलत होता.

मालाडहून दोन स्टेशनं पुढे बोरिवली. १९४५ मध्ये तिथे कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर भरलं होतं. पस्तीस वर्षांच्या एक शिक्षिका त्यात होत्या, अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग जिद्दीनं शिक्षण आणि नोकरी. या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. त्याच वर्षी दोघी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. आजही विरारच्या पुढे जाणाऱ्या गाडीत बसलं की घोलवडला उतरून बोर्डीला जाता येतं. मराठी बालशिक्षणाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रवास आपल्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावर घडला आहे.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं तिच्याकडे येईनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं, कुणाच्या अंगावर कपडा नाही, कुणाला त्या इमारतीत पाऊल टाकायचीच भीती. तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत नेली, घरासमोरच्या अंगणात. अंगणवाडी हा शब्द इथला. आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं कापणं इथून दिवसाची सुरुवात होई. मॉन्टेसरींच्या महागड्या साहित्याच्या जागी माती, बिया, पानं, शंखशिंपले आले. जे मुलाच्या पायाखाली रोज असतं, तेच त्याच्यापुढे मांडलेलं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथे प्रश्न आणखी अवघड झाला. समोर वारली मुलं. त्यांची बोली वेगळी, बाईंचं पुस्तकी मराठी वेगळं. ‘रांगेत उभे राहा’ हे वाक्य ज्याला कळतच नाही, ते मूल उभं राहिलं नाही तर त्याला उद्धट म्हणायचं? ही मुलं गुरांमागे रानात जात, म्हणून कुरणशाळा निघाली. गुरं चरतायत तिथेच शाळा. ताराबाई आणि अनुताईंनी मुलाला शाळेच्या खुणा शिकवण्याआधी शाळेला मुलाच्या खुणा वाचायला लावलं. मूल का येत नाही, कधी उठून जातं, कशाकडे बघतं. करंगळीकडे लक्ष देणं म्हणजे दुसरं काय?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातला शब्द असा दिल्लीच्या कागदावर चढला आणि लाखो खोल्यांच्या दारावर लागला. त्यातली एक खोली मालवणीतली.

ज्यांना बोलणं कळत नाही

चित्रांच्या सुतळीचा उगम मात्र वेगळा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी स्वमग्न मुलांसाठी एक कार्यक्रम उभारला. या मुलांपैकी अनेकांना बोललेली सूचना पकडणं जड जातं, पण डोळ्यांसमोरचं चित्र नेमकं कळतं. म्हणून दिवसाचं वेळापत्रक चित्रांत मांडायचं: आता काय, पुढे काय, शेवटी काय. पुढचं दिसलं की भीती कमी होते. ही रीत मग सगळ्याच लहान मुलांच्या वर्गात गेली, आणि त्याचं कारण साधं आहे. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र जागेवर राहतं. तीन वर्षांचं मूल ‘चटई उचल, हात धू आणि ताट घेऊन बस’ हे तीन हुकूम एका दमात डोक्यात धरू शकत नाही. सुतळीकडे मान वळवून बघू मात्र शकतं. त्यात शेजारी शिवणयंत्रांची घरघर असेल आणि घरची भाषा वर्गातल्या भाषेहून निराळी असेल, तर चित्राशिवाय दुसरा आधार कुठला?

डोळ्यांच्या भाषेला शाळांनी नेहमीच असा मान दिला असंही नाही. मुंबईतली कर्णबधिरांची शाळा १८८०च्या दशकातली, देशातली पहिली मानली जाते. त्याच दशकाच्या तोंडावर, १८८० मध्ये, इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि हातांच्या खुणांपेक्षा ओठांनी बोलायला शिकवणं श्रेष्ठ, असा ठराव झाला. त्यानंतर जगभरच्या अनेक शाळांत खुणा करणाऱ्या मुलांचे हात अडवले गेले. ऐकू न येणाऱ्या मुलांनाही आपण शेवटी हाताची घडीच घालायला लावली. खूण बाईंनी केली तर शिस्त, मुलानं केली तर चाळा, हा हिशोब जुनाच आहे.

आज छडी कायद्यानं गेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. पण तो सहा ते चौदा वयाच्या मुलांचा. तीनपासून सहापर्यंतची मुलं, म्हणजे जी करंगळी वर करण्याच्या नेमक्या वयात असतात ती, त्या हक्काच्या बाहेर राहिली. त्यांचा दिवस कसा जाईल हे मानधनावर काम करणाऱ्या एका बाईवर आणि भिंतीवर ती काय टांगते यावर ठरतं.

म्हणून आता कुठल्याही वर्गातली खूण बघितली की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते. हिच्यामुळे मुलाला काय करता येतं? फळी फिरली आणि शेकडो पाट्या वर झाल्या, तर मास्तरला पाट्या दिसल्या. मुलाला काय मिळालं? फोटो खिळ्याला अडकवला तर मी आले हे मूल स्वतः सांगतं. चित्र उलटं केलं तर दिवस कुठवर आला हे त्याला स्वतः कळतं. लाल झाकणावर चिमटा लागला तर त्याला फक्त इतकंच कळतं की सगळे आपल्याकडे बघतायत. एकाच पुठ्ठ्यातून ओंडकाही निघतो आणि वाटही निघते.

लाल बांगडी

तिसऱ्या सकाळी गोष्टीची वेळ होती. सुतळीवरची पाच चित्रं उलटी झालेली. ताईंच्या मांडीवर पुस्तक, त्यातला वाघ विहिरीत वाकून बघतोय. सव्वीस डोकी त्या विहिरीवर ओणवी.

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. चार वर्षांची असेल, दोन बो बांधलेले. तिची घरची भाषा तमिळ, मराठीचे दहा-बारा शब्द तिला येतात, असं ताईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती भिंतीपाशी गेली, टाचा उंच करून खिळ्यावरची लाल बांगडी काढली, मनगटात घातली. कोपरापर्यंत जाईल एवढी मोठी. मदतनीस दारातच होत्या, त्यांनी बांगडी बघितली आणि तिच्याबरोबर निघाल्या. कुणी काही विचारलं नाही, कुणाला काही सांगावं लागलं नाही. ताईंनी गोष्ट थांबवली नाही. वाघानं उडी मारली.

ती परत आली तेव्हा हात ओले होते. बांगडी परत अडकवायला गेली तर खिळा सापडेना, म्हणून तिनं ती शेजारच्या, फोटोंच्या रांगेतल्या एका रिकाम्या खिळ्याला लावली. तो त्या दिवशी न आलेल्या कुठल्याशा मुलाचा खिळा होता.

“राहू दे,” ताई मला म्हणाल्या. “ज्याला लागेल तो शोधेल.”

पाच मिनिटांनी एका मुलानं ती शोधलीच.